कोपरारक्षक (कबड्डीतील)

कोपरारक्षक : ⟶ कबड्डी या खेळात बचाव करणाऱ्या संघाच्या मांडणीत दोन टोकांना उभे राहणारे खेळाडू. मध्यरेषेकडे तोंड करून उभे राहिले असता डाव्या टोकाच्या खेळाडूस ‘डावा कोपरारक्षक’ व उजव्या टोकाच्या खेळाडूस ‘उजवा कोपरारक्षक’ म्हणतात. मैदानावरील बोलीत त्यांना नुसते ‘डावा कोपरा’ व ‘उजवा कोपरा’ असेच संबोधण्याचा प्रघात आहे. चढाई करणाऱ्या खेळाडूच्या पायाला पहिला हात घालण्याचे, म्हणजेच पकडीचा आरंभ करण्याचे काम मुख्यतः या दोघांकडे असते. अमेरिकन फुटबॉल या खेळातही बचावफळीच्या टोकाला असाच एक खेळाडू असतो व त्याच्या नावातही ‘कोपरा’ या अर्थाचाच शब्द आहे. दोन्ही खेळांत या स्थानावरील खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींचे दीर्घकाळ निरीक्षण करावे लागत असल्याने त्याचा अनुभव पुढे प्रशिक्षकाच्या कामास विशेष उपयोगी पडतो. प्रस्तुत नोंदीत कोपरारक्षकाचे स्थान व तंत्र, त्याची कारकीर्द आणि खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंतची त्याची वाटचाल यांचा विचार केला असून त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील थळ–अलिबाग परिसराची पार्श्वभूमी घेतली आहे.

क्रीडांगण व मांडणी : पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मी. लांब व १० मी. रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन समान भाग होतात व प्रत्येक संघाच्या वाट्याला ६·५ मी. खोलीचे अंगण येते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १ मी. रुंदीचे राखीव क्षेत्र असल्याने झटापट सुरू होण्यापूर्वी खेळास प्रत्यक्षात ८ मी. रुंदीच उपलब्ध असते. मध्यरेषेपासून ३·७५ मी. अंतरावर निदान रेषा व तिच्यापुढे १ मी. अंतरावर बोनस रेषा आखलेली असते. बोनस रेषा व अंतिम रेषा यांत केवळ १·७५ मी. अंतर उरते. कोपरारक्षकाचा वावर प्रामुख्याने या अरुंद पट्ट्यात आणि तोही कडेला असतो. त्याच्या पाठीशी अंतिम रेषा व एका हाताला राखीव क्षेत्राची रेषा असते. झटापटीपूर्वी यांपैकी कोणतीही रेषा ओलांडल्यास तो बाद ठरतो. त्यामुळे मागे सरकण्यास त्याला फारशी जागा नसते.

सात खेळाडूंच्या संघात डावा व उजवा कोपरा, त्यांच्या आतील बाजूस उभे राहणारे दोन साथीदार, दोन मध्यरक्षक आणि मधोमध असणारा एक खेळाडू अशी सर्वसाधारण मांडणी असते. कोपरारक्षक व त्याच्या शेजारचा खेळाडू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. साखळीमुळे चढाईपटूची वाट रोखता येते. शिवाय शेजाऱ्याच्या हाताची पकड घट्ट वा सैल करून आवाज न करता इशाराही देता येतो. चढाईपटू समोर असताना बोलून योजना आखणे शक्य नसल्याने हा इशारा महत्त्वाचा असतो.

तंत्र : चढाईपटूला एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट उच्चार करीत ३० सेकंदांच्या आत चढाई पूर्ण करावी लागते. बचाव करणाऱ्यांपैकी कोणालाही स्पर्श झाला नाही, तर निदान रेषा तरी त्याने एकदा ओलांडलीच पाहिजे. तिच्या पलीकडची बोनस रेषा ओलांडून मागचा पाय हवेत ठेवल्यास त्याला एक जादा गुण मिळतो. मात्र त्यासाठी बचाव करणाऱ्या संघाचे किमान सहा खेळाडू मैदानात असावे लागतात. बोनस गुणासाठी पुढे टाकलेला पाय हेच कोपरारक्षकाचे प्रमुख लक्ष्य होय. पाय जमिनीवर टेकून शरीराचा भार त्यावर आला की घोट्याची पकड यशस्वी होण्याचा संभव सर्वाधिक असतो. भार येण्यापूर्वी हात घातल्यास पाय सुटतो आणि भार दुसऱ्या पायावर गेल्यानंतर घातल्यास चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो. या दोहोंमधील क्षण अत्यंत अल्प असतो. तो ओळखणे हे कोपरारक्षकाचे खरे कौशल्य समजले जाते.

घोट्याच्या पकडीखेरीज गुडघ्याची पकड, मांडीची पकड, कमरेला घातलेली मगरमिठी आणि खांद्याने दिलेली धडक हे पकडीचे प्रमुख प्रकार आहेत. कोपरारक्षक मुख्यतः पहिल्या तीन प्रकारांचा वापर करतो. धडक व वाट अडविणे ही कामे मध्यरक्षकांकडे असतात. कोपरारक्षकाने पाय धरला, पण मध्यरक्षक वेळेवर धावून आला नाही, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. अशा वेळी झटापटीत ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला, ते सर्व बाद होतात. म्हणून एकट्याने केलेली अकाली पकड हा या स्थानावरील सर्वांत महाग पडणारा दोष मानतात. मैदानात तीन किंवा त्यांहून कमी खेळाडू उरले असताना पकड यशस्वी झाल्यास संघास एक जादा गुण मिळतो. अशा प्रसंगी चढाईपटूही सावध असतो, त्यामुळे कोपरारक्षकाचा संयम अधिक कसोटीस लागतो.

चढाईपटूकडेही कोपऱ्याविरुद्ध वापरावयाची साधने असतात. धावत येऊन हाताने केलेला स्पर्श, पायाच्या चवड्याने केलेला स्पर्श, बाजूची लाथ, पाठ वळवून मारलेली मागची लाथ आणि साखळीच्या हातांखालून वाकून निसटण्याची ‘डुबकी’ ही त्यांपैकी प्रमुख होत. मागची लाथ मारताना चढाईपटूची पाठ बचावाकडे असल्याने नवखा खेळाडू त्याला असावध समजून पुढे येतो व बाद होतो. अनुभवी कोपरारक्षक चढाईपटूच्या चेहऱ्याकडे वा हातांकडे न पाहता त्याच्या कमरेकडे व टाचांकडे लक्ष ठेवतो. हुलकावणी हातांनी देता येते, परंतु शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे कमरेवरून लपविता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हा खेळ ‘हुतूतू’ या नावाने पूर्वापार खेळला जाई. संजीवनी, गामिनी व अमर असे त्याचे तीन प्रकार होते. संजीवनी प्रकारात प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद झालेला खेळाडू पुन्हा ‘जिवंत’ होई, तर गामिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. आजच्या खेळात संजीवनीचे तत्त्व स्वीकारले आहे. त्याचा परिणाम कोपरारक्षकाच्या कामावरही झाला. एका यशस्वी पकडीने एक गुण मिळतोच, शिवाय बाहेर बसलेला साथीदारही आत येतो. चढाईपटू कोपऱ्याला बाद करून गेल्यास बचावाचे एक टोक उघडे पडते आणि उरलेले खेळाडू पाठोपाठ बाद होऊन संघावर लोण चढण्याचा धोका निर्माण होतो. लोणाबद्दल प्रतिपक्षास दोन जादा गुण मिळतात.

खेळाला नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न १९१८ मध्ये सातारा येथे झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरविल्या. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ मध्ये नियमांना अधिक निश्चित स्वरूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महाराष्ट्रात खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचणाऱ्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९७२ मध्ये सदानंद शेट्ये यांना कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत खेळाचे प्रात्यक्षिक झाले व १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पुरुषांच्या कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले.

रायगड किनाऱ्यावरील खेळ : अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी थळ हे गाव असून त्याच्या समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी हे जलदुर्ग आहेत. भातशेती, नारळी-पोफळीच्या वाड्या व मासेमारी ही या पट्ट्यातील पारंपरिक उपजीविकेची साधने होत. १९८० नंतरच्या दशकात थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक उपक्रमाचा खत कारखाना उभा राहिला. आगरी, कोळी व अन्य समाजांच्या वस्तीच्या या परिसरात कबड्डी हा गावोगावचा खेळ आहे. भातकापणी होऊन शेते मोकळी झाली की सामन्यांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तो चालतो. गावच्या मैदानात माती चाळून व पाणी मारून अंगण तयार करतात आणि रात्री विजेच्या प्रकाशात सामने खेळवितात. जत्रा व उत्सव यांच्याशीही हे सामने निगडित असतात.

या खेळाला साहित्य जवळजवळ लागत नाही व जागाही थोडी पुरते. दिवसभर शेतात किंवा होडीवर काम करणाऱ्या तरुणाला संध्याकाळी सराव करणे शक्य होते. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत पाय रुतत असल्याने तेथील धावण्याने घोटा व पोटरी यांचे स्नायू बळकट होतात. कोपरारक्षकाला खाली वाकलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहून अचानक पुढे झेप घ्यावी लागत असल्याने या बळाचा त्याला लाभ होतो. किनारपट्टीतून मुंबईस गिरण्यांत व गोदीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी हा खेळ लालबाग–परळच्या वस्त्यांत रुजविला. त्यामुळे मुंबई व कोकण यांच्यात खेळाडूंची ये-जा कायम राहिली. २००७ मधील पुरुषांची विश्वचषक स्पर्धा रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे भरली होती व तिच्या अंतिम सामन्यात भारताने इराणचा पराभव केला. तत्पूर्वी २००४ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही हेच दोन संघ होते.

कारकीर्द : कबड्डीपटूची कारकीर्द सामान्यतः शालेय व कुमार गटापासून सुरू होते. गावचा संघ, तालुका व जिल्हा निवड, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा असे तिचे टप्पे असतात. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किग्रॅ. असून स्त्रियांच्या गटात ती ७५ किग्रॅ. आहे. चढाईपटूचा वेग वयानुसार लवकर कमी होतो. कोपरारक्षकाच्या बाबतीत वेगाची उणीव काही प्रमाणात अनुभवाने भरून निघते, म्हणून तिशी ओलांडलेले कोपरारक्षक उच्च दर्जाच्या स्पर्धांत टिकून राहिलेले आढळतात.

तथापि या स्थानाची शारीरिक किंमत मोठी असते. जोराने सुटू पाहणाऱ्या पायावर झेप घेताना बोटे, मनगट व खांदा यांना इजा होते. अंगावर इतर खेळाडू कोसळल्याने गुडघ्याच्या अस्थिबंधांना दुखापत होण्याचा धोका असतो. मातीवर अनवाणी खेळला जाणारा हा खेळ एकविसाव्या शतकात बंदिस्त क्रीडागृहातील कृत्रिम मॅटवर व बूट घालून खेळला जाऊ लागला. मातीवर पाय थोडा घसरतो व भार विभागला जातो, तर मॅटवर बूट घट्ट रुतून राहतो. त्यामुळे वळताना गुडघ्यावर अधिक ताण येतो. मातीवर शिकलेल्या खेळाडूला मॅटवर पावलांची सवय बदलावी लागते. चढाईपटूचा वेग मॅटवर वाढत असल्याने पकडीचा क्षणही कोपरारक्षकास नव्याने जोखावा लागतो.

फार काळ या खेळातून थेट अर्थप्राप्ती होत नव्हती. गुणी खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या व खासगी कारखाने यांच्या संघांत नोकरीसह स्थान मिळे आणि तीच त्याची खरी कमाई असे. महाराष्ट्र शासनाने नैपुण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही ठेवले आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने ही स्थिती काही अंशी पालटली. लिलावातून खेळाडूंना मोबदला मिळू लागला आणि दूरचित्रवाणीमुळे कोपरारक्षकाचे कामही प्रेक्षकांच्या नजरेत भरू लागले. पूर्वी टाळ्या चढाईपटूला मिळत. आता पकडींच्या गुणांची स्वतंत्र नोंद ठेवली जाऊ लागली.

या स्पर्धेत नाव मिळविलेल्या कोपरारक्षकांत महाराष्ट्रातील गिरीश इर्नाक (डावा कोपरा) व चिपळूण भागातील शुभम शिंदे (उजवा कोपरा) यांचा समावेश होतो. इर्नाक हा २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील भारतीय संघात होता. इराणचा फाजल अत्राचली हा डावा कोपरारक्षक २०१५ मध्ये मुंबईच्या यू मुंबा संघातून या स्पर्धेत आला व पकडींच्या गुणांत अग्रगण्य ठरला. त्याचाच देशबंधू मोहम्मदरेझा शादलुई हा पुणेरी पलटण संघाचा डावा कोपरा होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून आपले पहिले विजेतेपद मिळविले, त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर होते.

खेळाडू ते प्रशिक्षक : कोपरारक्षकाला प्रत्येक चढाईच्या वेळी चढाईपटूची लकब, आपल्या साखळीची स्थिती, गुणफलक आणि उरलेला वेळ यांचा एकत्रित विचार करून पकड करावी की सोडून द्यावी हे ठरवावे लागते. पकड न करण्याचा निर्णय हाही खेळाचाच भाग असतो. प्रशिक्षकही मैदानाबाहेर बसून हाच विचार संपूर्ण संघासाठी करीत असतो. फरक इतकाच, की कोपरारक्षकाचा निर्णय त्याच्याच हातांनी अमलात येतो, तर प्रशिक्षकाला तो दुसऱ्याच्या हातांवर सोपवावा लागतो. उत्तम कोपरारक्षक आपोआप उत्तम प्रशिक्षक होत नाही, याचे कारण या फरकात आहे. जो क्षण शरीराने ओळखला जातो, तो शब्दांत सांगता आला तरच शिष्याला उपयोगी पडतो.

या वाटचालीचे ठळक उदाहरण म्हणजे हरियाणाचा जोगिंदर नरवाल. डावा कोपरारक्षक म्हणून तो प्रो कबड्डीत पुण्याच्या व मुंबईच्या संघांकडूनही खेळला. पुढे दिल्लीच्या दबंग दिल्ली संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले. २०१९ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात बंगाल वॉरियर्सकडून पराभूत झाला. परंतु २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याने पाटणा पायरेट्सला ३७–३६ असे एका गुणाने हरवून विजेतेपद पटकाविले. निवृत्तीनंतर २०२४ च्या हंगामात नरवाल त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१–२८ असे पराभूत केले. कर्णधार व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी ही स्पर्धा जिंकण्याचा मान त्यापूर्वी मनप्रीतसिंग यांना मिळाला होता. त्यांनी २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून व २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सचे प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळविले.

महाराष्ट्रातील प्रशिक्षकांत नाशिकच्या शैलजा जैन यांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांनी इराणच्या महिला संघाला प्रशिक्षण दिले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या संघाने भारताचा २७–२४ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत भारतीय पुरुष संघही उपान्त्य फेरीत इराणकडून हरला होता. भारतीय पकडीचे तंत्र प्रशिक्षणाद्वारे दुसऱ्या देशात किती खोलवर रुजू शकते, हे या निकालांनी दाखवून दिले.

अमेरिकन फुटबॉलमधील समांतर उदाहरण : अमेरिकन फुटबॉल हा प्रत्येकी अकरा खेळाडूंचा, अंडाकृती चेंडूने खेळावयाचा खेळ आहे. त्यात बचावफळीच्या कडेला उभा राहणारा ‘कॉर्नरबॅक’ प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूवर नजर ठेवतो, त्याच्याबरोबर धावतो आणि शक्य झाल्यास त्याच्याकडे फेकलेला चेंडू स्वतः मध्येच झेलतो. कबड्डीतील कोपऱ्याप्रमाणे त्यालाही समोरच्याच्या कमरेवर लक्ष ठेवावे लागते; हुलकावणीला फसल्यास पाठीमागे भरपाई करणारा कोणी असेलच असे नाही.

या स्थानावरील अत्यंत ख्यातनाम खेळाडू डीऑन सँडर्स (जन्म ९ ऑगस्ट १९६७) हा फ्लॉरिडा राज्यातील होय. फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाकडून खेळल्यानंतर १९८९ मध्ये अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. १९९४ च्या हंगामात सॅन फ्रॅन्सिस्को व १९९५ च्या हंगामात डॅलस अशा दोन संघांकडून लागोपाठ ‘सुपर बोल’ हे सर्वोच्च विजेतेपद त्याने मिळविले. १९९४ मध्ये तो सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. नियमित सामन्यांत त्याने ५३ वेळा प्रतिपक्षाचा चेंडू मध्येच झेलला. याच काळात तो व्यावसायिक बेसबॉलही खेळत असे. २०११ मध्ये त्याचा व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात समावेश झाला.

२०२० मध्ये सँडर्सची मिसिसिपी राज्यातील जॅक्सन स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथे त्याच्या संघाने २७ सामने जिंकले व ६ गमावले. डिसेंबर २०२२ मध्ये तो कोलोरॅडो विद्यापीठात गेला. आदल्या हंगामात बारांपैकी एकच सामना जिंकलेल्या त्या संघाने त्याच्या हाताखाली २०२३ मध्ये ४ व २०२४ मध्ये ९ सामने जिंकले. त्याचा शिष्य ट्रॅव्हिस हंटर हा स्वतः कॉर्नरबॅक असून चेंडू झेलणारा आक्रमक म्हणूनही खेळे. २०२४ मध्ये त्याला महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या हंगामात मात्र संघ तीनच सामने जिंकू शकला. खेळाडू म्हणून मिळविलेली कीर्ती प्रशिक्षकाला विद्यार्थी आकृष्ट करण्यास उपयोगी पडते. सातत्य राखण्याची हमी ती देत नाही, असे या कारकीर्दीवरून दिसते.

महाविद्यालयीन प्रशिक्षण व पात्रता : अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षकाचे पद स्वतंत्र व मोठ्या वेतनाचे असते आणि त्यावरील नेमणूक मुख्यतः खेळातील कर्तृत्वावर होते. भारतात परिस्थिती निराळी आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीचा समावेश १९६१ मध्ये व शालेय स्पर्धांत १९६२ मध्ये झाला. परंतु महाविद्यालयात केवळ कबड्डीसाठी प्रशिक्षक क्वचितच असतो. शारीरिक शिक्षण संचालक हा एकच अध्यापक सर्व खेळांची व्यवस्था पाहतो. या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी व पात्रता परीक्षा आवश्यक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आशियाई वा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेत्यांचा स्वतंत्र विचार केला असला, तरी त्यांनाही पदव्युत्तर पदवीची अट आहे.

दुसरा मार्ग पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा होय. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रशिक्षक पदविकेत १९७१ पासून कबड्डीचा समावेश आहे. शरीररचना, क्रीडामानसशास्त्र, सरावाचे नियोजन व दुखापतींची हाताळणी हे विषय तीत शिकविले जातात. शासकीय क्रीडा मार्गदर्शकांच्या नेमणुकीत या पदविकेस महत्त्व असते. खेळ व विद्याभ्यास यांची सांगड घातल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हरियाणातील सुनील डबास. महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच त्यांनी भारतीय महिला संघास प्रशिक्षण दिले. त्यांना २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

ऐन विशीत ज्याचा वेळ सराव, सामने व उपजीविका यांत जातो, त्या किनाऱ्यावरील खेळाडूचे शिक्षण बहुधा याच वयात मागे पडते. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ थांबला की प्रशिक्षक होण्यास लागणारी पदवी त्याच्याजवळ नसते व ती मिळविण्याचे वयही सरलेले असते. अशा वेळी त्याचे ज्ञान गावच्या मैदानापुरते राहते. संध्याकाळी रेषेबाहेर उभा राहून तो पुढच्या पिढीतील मुलांना पाय केव्हा धरावा व केव्हा सोडावा हे सांगत असतो. या कामास वेतन नसते व त्याची नोंदही कोठे होत नाही. या परंपरेचे मोल मोठे आहे, कारण गावोगावचे बहुतेक खेळाडू पहिले धडे अशाच मार्गदर्शकाकडून घेतात. मात्र जुन्या सवयी न तपासता पुढे दिल्या जाण्याचा दोषही तीत आहे. मातीवरील पकड मॅटवर कशी बदलते, कोवळ्या वयात गुडघ्यावर किती भार द्यावा, दुखापतीनंतर किती विश्रांती घ्यावी या गोष्टी केवळ अनुभवाने कळत नाहीत. खेळ थांबण्यापूर्वीच पदवी वा पदविका पूर्ण करणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत अनुभव व शास्त्र यांचा मेळ बसतो.

स्त्रियांच्या खेळातील कोपरारक्षक : स्त्रियांचे क्रीडांगण १२ मी. × ८ मी. असते. राखीव क्षेत्रे वगळता ६ मी. रुंदी उरत असल्याने दोन्ही कोपरे परस्परांच्या अधिक जवळ येतात. निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मी. व बोनस रेषा ४ मी. अंतरावर असल्याने मागे २ मी. खोलीचा पट्टा मिळतो, म्हणजे पुरुषांहून थोडा अधिक. सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या दोन डावांचा असतो. पुरुषांचे डाव प्रत्येकी २० मिनिटांचे असतात. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्ता येथे सुरू झाली. आशियाई स्पर्धेत त्यांच्या कबड्डीचा समावेश २०१० मध्ये झाला. महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ मध्ये अर्जुन पुरस्कार देण्यात आला. २०२३ मध्ये हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने पुरुष व स्त्रिया या दोन्ही गटांत सुवर्णपदक परत मिळविले.